आमवात घरात आला की खर्चाची घडी कशी बसवायची

आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा खर्च काढायला बसलं की बहुतेक घरांत फक्त मेडिकलची बिलं मोजली जातात. पण सांगली-साताऱ्याकडच्या शेतकरी आणि मजूर घरांत जास्त पैसा दुसऱ्याच वाटांनी जातो. द्राक्षाच्या विरळणीत बुडालेली हजेरी, सोबत दवाखान्यात गेलेल्या नवऱ्याचा नाहीतर मुलाचा बुडालेला रोज, धार काढायला लावलेला माणूस, आणि ‘एका पुडीत गुण येतो’ म्हणणाऱ्याच्या हातावर ठेवलेल्या नोटा. नेहमीच्या गोळ्या त्यामानाने स्वस्त असतात. तरी पैशाची ओढाताण झाली की आधी गोळ्याच बंद होतात. हे आधी उलटं करायला हवं. गोळी थांबली की सूज पुन्हा चढते, सूज राहिली की सांध्याचं हाड झिजत जातं, आणि एकदा वाकडं झालेलं बोट कुठल्याही औषधाने सरळ होत नाही.

आजार दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला तो आढळला होता. बायकांत पुरुषांच्या दोन-तीन पट, आणि तोही ऐन कष्टाच्या वयात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त हात आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटांची पेरं आणि मनगटं सुजत असतील आणि हे सहा आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ‘वात आहे, उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. सुरुवातीच्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर बहुतेकांचं साध्या गोळ्यांवर भागण्याची शक्यता पुष्कळ वाढते. तो काळ हातचा गेला तर पुढे महागड्या इंजेक्शनांची पाळी येऊ शकते.

आधी एक वही घाला

शंभर पानी वही पुरे. दर महिन्याला दोन पानं: डाव्या पानावर गेलेला पैसा, उजव्यावर तब्येत.

डाव्या पानावर सात ओळी आखा: गोळ्या-इंजेक्शन, रक्ततपासणी, डॉक्टरची फी, प्रवास आणि बाहेरचं खाणं, रुग्णाचे बुडालेले दिवस, सोबत्याचे बुडालेले दिवस, आणि पैसे देऊन करून घेतलेली कामं. बुडालेल्या दिवसापुढे गावात त्या कामाला त्या वेळी जी हजेरी चालू आहे ती लिहा. घरच्या रानात राबणाऱ्या बाईचा दिवसही त्याच दराने धरा. तिची हजेरी कुणी देत नाही म्हणून ती शून्य होत नाही. ती आडवी पडली की भांगलणीला बाई लावावी लागते, तेव्हा तो आकडा आपोआप समोर येतो. तीन महिन्यांची बेरीज मारली की शेवटच्या तीन ओळी पहिल्या दोन ओळींना मागे टाकताना दिसतात. औषधावर खर्च करायला घरातले कां-कूं करत असतील, तर हीच बेरीज त्यांच्यापुढे ठेवा.

उजव्या पानावर रोज एक ओळ. सकाळी किती मिनिटं आखडलं, दुखणं ० ते १० मध्ये किती, कुठले सांधे सुजले, जास्तीची वेदनाशामक गोळी घ्यावी लागली का. डॉक्टरपुढे पाच-दहा मिनिटं मिळतात. त्यात ‘बरं आहे, पण दुखतं’ असं सांगितलं तर डोस वाढवायचा की तोच ठेवायचा, हे डॉक्टरला कळायला मार्ग नसतो. ‘महिन्यापूर्वी ९० मिनिटं आखडायचं, आता ३०’ असं सांगितलं की फेरी सार्थकी लागते.

जिथे काटकसर करायचीच नाही

मेथोट्रेक्सेट ही या आजारातली मुख्य गोळी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि सगळ्यात जीवघेणी चूक नेमकी इथेच होते: चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेतली जाते. चार-आठ दिवस रोज गेली तरी तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. म्हणून वार पक्का करा. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस सगळ्यात सोयीचा. तो घरात कुणीच विसरत नाही. पाकिटावर मार्करने ‘फक्त बाजारादिवशी, रात्री जेवून’ असं लिहा आणि हे पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका. दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा येत असेल तर ज्याच्या दुसऱ्या दिवशी काम कमी असतं असा वार डॉक्टरला विचारून निवडा. मळमळ फारच झाली तर गोळी सोडू नका. डॉक्टर त्याच दिवसाचा डोस दोन वेळांत विभागून देतात, नाहीतर कातडीखालचं इंजेक्शन देतात.

गोळ्या २.५, ५, ७.५, १०, १५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. दुकानदाराने एकदा २.५ च्या सहा आणि पुढच्या खेपेला १० ची पट्टी दिली की घरी गोंधळ होतो: सहा गोळ्यांची सवय लागलेला माणूस १० च्याही सहा घेतो. एकच ताकद कायम ठेवा, आणि ‘आठवड्याला एकूण किती मिलिग्रॅम’ हा आकडा पाठ करा. नेहमीचा डोस ७.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो. सोबत फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटचा वार सोडून डॉक्टर सांगतील त्या दिवशी. ही गोळी स्वस्त आहे म्हणून फालतू समजू नका. तोंडातले फोड आणि लिव्हरचा त्रास तिनेच कमी होतो.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे खूप आहेत, आणि त्यांचा तो महिनाभराचा खर्च अक्षरशः पाण्यात जातो. दारू पूर्ण बंद. ताप, खोकला, जुलाब असं मोठं दुखणं आलं तर त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टरला फोन करा. गावातल्या डॉक्टरकडे गेलात तर ‘मी मेथोट्रेक्सेटवर आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या, कारण को-ट्रायमॉक्झॅझोल हे साधं प्रतिजैविक तिच्यासोबत पोटात गेलं तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात.

मूल हवं असणाऱ्या जोडप्याने हे लग्न ठरतानाच विचारून घेतलेलं बरं. मेथोट्रेक्सेट आणि याच आजारावरची लेफ्लुनोमाइड ही गोळी गरोदरपणात चालत नाहीत. काही महिने आधी बंद करून दुसऱ्या औषधावर जावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन या आमवाताच्याच दुसऱ्या गोळ्या चालतात. आजार आहे म्हणून मूल होणार नाही असं नाही.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा डोस वजनावर असतो, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत. ४५ किलोच्या बाईला रोज ४०० मिलिग्रॅम जात असेल तर डॉक्टरला तसं विचारा. डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचा.

पैसे वाचवायचे ते दुकान बदलून वाचवा. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासलाझिन ही तिन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे यादीतल्या ताकदींची कमाल किंमत सरकार ठरवतं. जनऔषधी केंद्रात आधी विचारा. डॉक्टरकडून ब्रँडचं नाव न घेता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

साठा नेहमी महिन्याभराचा पुढे ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी रुग्णांना दुकानं पालथी घालावी लागली होती. कृष्णा-वारणेकाठच्या गावांनी तर २०१९ आणि २०२१ चा पूर लक्षात ठेवून जुलैच्या सुरुवातीलाच दीड महिन्याच्या गोळ्या आणि फाइलची मोबाइलवर काढलेली छायाचित्रं तयार ठेवावीत. पाणी शिरताना आधी पोतं-पेटी उचलली जाते आणि फाइल मागे राहते.

चाचण्या: काय लागतं, काय लागत नाही

मेथोट्रेक्सेट सुरू झाल्यावर पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढचे तीन महिने दोन-तीन महिन्यांनी आणि मग दर तीन महिन्यांनी हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (लिव्हरसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी). आजाराचा जोर पाहायला ईएसआर किंवा सीआरपी. बस. हिपॅटायटिस बी आणि सी सुरुवातीला एकदा.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आजार ओळखायच्या रक्तचाचण्या निदानाच्या वेळी एकदा केल्या की झालं. त्यांचा आकडा वर-खाली झाल्याने उपचार ठरत नाहीत, तरी दर सहा महिन्यांना त्या करून घेणारे बरेच असतात. लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजची तर काहीच गरज नाही. उलट, आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असंही होत नाही. पुष्कळ रुग्णांत तो निगेटिव्हच असतो. हात-पायांचे एक्स-रे सुरुवातीला, आणि पुढे डॉक्टर म्हणतील तेव्हा.

पुडी आणि ‘जादूचं’ इंजेक्शन

नाव नसलेली पुडी, लेबल नसलेली काळी गोळी, किंवा टोचल्यावर संध्याकाळपर्यंत सगळं दुखणं पळवणारं इंजेक्शन, यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. गुण झटपट येतो, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा जातो. वर्षभरात चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, आणि सांधे आतून झिजायचे ते झिजतातच. साधा नियम ठेवा: औषधाचं नाव लिहून मिळत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. आधीच महिनोन्महिने पुडी चालू असेल तर ती एका दिवसात तोडू नका. शरीराला बाहेरच्या स्टेरॉइडची सवय झालेली असते, अचानक थांबवलं तर रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा आणि टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या. डॉक्टरही सुरुवातीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, पण थोड्या डोसात, थोड्या दिवसांसाठी, मुख्य गोळीचा गुण येईपर्यंत.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांचंही तसंच. त्यांनी दुखणं दबतं, आजार नाही. उन्हाळ्यात रानात घामाघूम होऊन, पाणी कमी पिऊन, वर दोन-दोन गोळ्या घेतल्या की किडनीवर ताण येतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना औषधांचा गुण कमी येतो. मिश्रीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या आजाराचं आमवाताशी नातं अभ्यासांत दिसलेलं आहे. तीही सोडा.

फेऱ्या कमी करा

मिरज तर दवाखान्यांचंच गाव, कराडलाही मोठी रुग्णालयं आहेत, तरी संधिवाताचे तज्ज्ञ मोजकेच. म्हणून कामाची वाटणी करून घ्या: तज्ज्ञांकडे आजार आटोक्यात येईपर्यंत एक ते तीन महिन्यांनी आणि नंतर सहा महिन्यांनी, मधल्या तपासण्या आणि चिठ्ठी वाढवणं जवळच्या एमडी डॉक्टरकडे. तज्ज्ञांकडूनच एक पत्र घ्या, ‘रक्तात काय किती झालं तर गोळी थांबवायची’ एवढं त्यात स्पष्ट लिहिलेलं. जायच्या दोन-तीन दिवस आधी रक्त गावाजवळच तपासून रिपोर्ट हातात घेऊन जा. रिपोर्टसाठी दुसरी फेरी आणि दुसरी बुडालेली हजेरी वाचते. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खाजगी गाडी करण्याआधी वेळापत्रक बघा.

हातांची कामं बदलायची कशी

तत्त्व सोपं आहे: लहान सांध्यावरचा भार मोठ्या सांध्यावर न्यायचा, आणि बोटं करंगळीकडे ढकलली जातील अशी ओढ टाळायची. बरणीचं झाकण उघडताना उजवा तळवा वरून दाबून फिरवा, बंद करताना डावा. दोन्ही वेळा बोटं अंगठ्याकडे वळतात. कपडे पिळू नका. नळाला एक वेढा घालून दोन्ही टोकं धरून पीळ द्या, नाहीतर निथळत वाळत टाका. कळशी बोटांत लटकवून आणू नका, बादली अर्धीच भरा. भाकरी थापायला जमत नसेल तर पिठाची उकड काढा. उकडीचं पीठ पोळपाटावर लाटता येतं आणि भाकरी तुटत नाही. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघड-मीट केल्या की बोटं सैल होतात.

धार काढताना अंगठा दुमडून सड ओढायची सवय बऱ्याच जणांना असते. या आजारात अंगठ्याच्या सांध्याला ती फार वाईट. पूर्ण मुठीने काढा, आणि सूज असेल त्या दिवसांत काढूच नका. एकच म्हैस असेल तर शेजाऱ्याला दुधातला वाटा देऊन परवडतं. चार-पाच जनावरं असतील तर मशीनचा हिशेब मांडून बघा.

खुरप्याच्या, विळ्याच्या मुठीला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड करा; जाड मुठीला कमी आवळावं लागतं. द्राक्षबागेत विरळणीची कात्री दिवसभर चालवणं सगळ्यात जड जातं, कारण तीच चिमूट हजारो वेळा. स्प्रिंगची कात्री घ्या, अर्ध्या तासाने काम बदला, आणि मुकादमाशी आधीच बोलून उशिरा यायचं, अर्धी हजेरी घ्यायची किंवा घड मोजायचं काम मागून घ्या. दुखणं सकाळी जास्त असतं, अकरानंतर हात बरे चालतात, हे त्याला सरळ सांगा. पैऱ्यात (आळीपाळीने एकमेकांच्या रानात काम करण्यात) असाल तर तुमच्या वाट्याचं सकाळचं काम दुसऱ्याला देऊन दुपारचं घ्या.

याच सकाळच्या आखडण्यावरून घराघरांत भांडणं होतात. सकाळी चहाचा कप उचलवत नाही आणि दुपारी तीच सून धुणं धुताना दिसते, मग ‘काम टाळते’ असं बोललं जातं. आजाराची रीतच तशी आहे. पुढच्या फेरीला नवऱ्याला किंवा सासूबाईंना सोबत न्या आणि हे डॉक्टरच्या तोंडून ऐकवा. मग सकाळची कामं कुणी करायची ते नावानिशी ठरवा. ‘सगळ्यांनी मदत करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. थकवा हाही आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे. झोप उडणं, सारखं रडू येणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर राहिलं तर डॉक्टरला सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला, मराठीत बोलता येतं. या आजारात नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्याने दुखणंही वाढतं.

कुठून काय मिळू शकतं

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय त्यात येतं. दर तीन महिन्यांचं रक्त तिथे तपासून घेतलं तरी वर्षाचा चांगला पैसा वाचतो. मिरज-सांगलीची शासकीय रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयाची असल्याने तिथे नाममात्र शुल्क लागू शकतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घेतलेल्या यादीतल्या उपचारांचं. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, हे माहीत नसल्याने लोक कागद गोळा करत हेलपाटे घालतात.

कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळच्या कारखान्यांत कामाला असाल आणि पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर तो या आजारात सगळ्यात मोठा आधार आहे, कारण त्यात बाह्यरुग्ण म्हणून मिळणारी औषधंही येतात, कुटुंबासाठीसुद्धा. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. खाजगी डॉक्टरचं आणलं की अर्ज अडकतो.

सांध्यांत कायमचं व्यंग आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. आमवाताचं नाव वेगळं यादीत नाही. चलनवलनाच्या दिव्यांगत्वाखाली मोजमाप होतं. जाताना हात-पायांचे एक्स-रे आणि सगळी फाइल न्या. ४० टक्के किंवा जास्त आलं तर एसटीत ७५ टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज (तहसील कार्यालयात, उत्पन्नाच्या दाखल्यासह) आणि ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून मदत, हे दरवाजे उघडतात. प्राप्तिकर भरणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. गंभीर आजारांवरच्या खर्चाची जी वेगळी वजावट आहे, तिच्या यादीत मात्र आमवात नाही.

आरोग्य विमा घेताना आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजाराचा खर्च विम्यातून मिळायला लागेपर्यंतची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ती काढावी लागते, पण लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर आला तर सगळा हप्ता वाया जातो.

महागडं औषध आणि ऑपरेशनची वेळ आली तर

दोन-तीन साध्या गोळ्या पुऱ्या डोसात, पुरेसे महिने देऊनही सूज राहिली, तरच टोफासिटिनिबसारख्या पुढच्या टप्प्यातल्या गोळीचा किंवा जैविक (बायोलॉजिक) इंजेक्शनांचा प्रश्न येतो. आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी होणारच. ती टाळून लगेच सुई टोचायला निघालेल्या ठिकाणाहून उठा. डॉक्टरला तीन गोष्टी विचारा: यातलं भारतीय कंपनीचं स्वस्त पर्यायी औषध आहे का, किती महिन्यांत गुण दिसला नाही तर बंद करायचं, आणि आटोक्यात आलं तर दोन डोसांमधलं अंतर वाढवता येईल का. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रिजच्या दारात नको, बर्फाच्या कप्प्याला लागूनही नको. गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. एसटीने आणताना बर्फाची पिशवी आणि खोकं यांच्यामध्ये टॉवेल घाला.

गुडघा किंवा खुबा बदलायचा असेल तर फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) विचारा, आणि कुठली गोळी कधी थांबवायची हे संधिवाताच्या डॉक्टरकडून लिहून आणा. साधारणपणे मेथोट्रेक्सेट चालू राहते, जैविक इंजेक्शन थांबवावं लागतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवात किती वर्षं आहे ते आवर्जून सांगा. जुन्या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून मान पुढे वाकवून आणि मागे ताणून असे दोन एक्स-रे ऑपरेशनआधी काढून घ्या.